दोन सात

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो.
मारिका हेलमे तळघरातल्या प्रयोगशाळेत
दलदलीतून काढलेल्या पीटच्या डब्यांची यादी लावते:
आर१, आर१०, आर१००, आर१०१...
आणि बऱ्याच खाली,
शाळा सुटून तासभर झाल्यावर घरी आलेल्या पोरासारखा,
आर२.

या क्रमानं आलेख काढला
तर दलदलीला वेड लागलेलं दिसतं.
वर बर्चचे पराग, लगेच तळाची निळी माती,
पुन्हा बर्च.
नव्व्याण्णव आणि शंभर या शेजारच्या डब्यांमधली राख,
एकदाच कुठल्याशा डोंगरातून उडालेली,
इथे दोनदा पडते.

यंत्र खोटं बोलत नाही.
डावीकडून एकेक चिन्ह चाचपत जातं,
एक दिसला, तो दोनहून लहान, झाला निकाल.
एकावर शून्य दहा
हे त्याला कुठल्या बाईंनी घोकून घेतलेलंच नाही.

म्हणून ती शिकवते. चार ओळींत.
अक्षर संपून आकडा सुरू होतो तिथे नाव मोड.
अक्षराला अक्षरच राहू दे.
आकडे सुटे सुटे वाचू नकोस, एका मुठीत धर, वजन कर.
मग लाव रांग.

रांग लागते.
नऊ हजार वर्षं मुकाट एकाखाली एक बसतात,
राख एकदाच पडते.
फक्त एका जागी मारिकाचं बोट थांबतं:

आर७
आर००७

वजनाला दोन्ही सात.
बरोबरी झाली की यंत्र वाद घालत नाही,
आधी आला त्याला आधी ठेवतं.

ती व्होरूला फोन लावते. उनो काका निवृत्त झालेत,
फोनमध्ये चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज.
"पहिल्या दिवशी हौस होती गं, शून्यं काढत बसलो.
दुसऱ्या दिवशी उणे अठरा. शून्यं कोण काढतो?"
"पण सात दोनदा?"
"पहिला हातातच भुगा झाला.
लेंबित म्हणाला, चालेल.
मला रात्रभर चाललं नाही."
मग लाकडाचाच आवाज.

मारिका पाचवी ओळ लिहिते:
बरोबरी झाली तर शून्यंवाला आधी.
आणि तिच्यावर एक टीप,
जी यंत्र कधीच वाचत नाही:

दुसऱ्या दिवशी उणे अठरा होतं.
माणूस परत गेला होता.