गौण वाक्य अधोरेखित करा

पूल व्हायच्या आधीची गोष्ट.
पूर्णगडाहून गावखडीच्या शाळेत तरीनं जायचे मी,
चपला एका हातात, वह्यांची पिशवी छातीशी,
आणि हसन भाटकर रोज विचारायचा,
"बाई, आज काय शिकवणार?"
"जर-तर," म्हटलं एकदा.
वल्हं थांबवून म्हणाला,
"तर माझी आहे. जर तुम्ही आणा."

वर्गात तेच सांगितलं.
इंग्रजीत जर असतो, तर नसतो.
इफ म्हणायचं, एक स्वल्पविराम,
की वाक्य पलीकडे पोचलेलंच;
मध्ये होडी नाही, नावाडी नाही.
ऑल्दो लिहिलंत तर बट लिहू नका.
पोरं लिहायचीच.
एवढी मुचकुंदी नुसत्या स्वल्पविरामावर
कशी ओलांडायची, हे त्यांना पटत नसे;
मलाही, खरं सांगायचं तर.
(आलाच बघा.)

खूण सोपी करून दिली होती:
जे एकटं उभं राहतं ते प्रधान,
जे दुसऱ्याचा हात धरतं ते गौण.
व्हेन, बिकॉज, अनटिल दिसलं
की तिथे पेन्सिल टेकवायची
आणि क्रियापद लागेपर्यंत उचलायची नाही.
आफ्टर लंचला फसू नका, त्यात क्रियापद नाही,
ते नुसतं जेवण आहे.

सहामाहीच्या आधी रुकय्या सोलकरनं
स्वतःचं वाक्य करून आणलं:
वुई विल प्लास्टर द वॉल व्हेन अब्बा कम्स.
स्पेलिंग बरोबर.
व्हेनच्या पुढे विल घातलं नव्हतं, तेही बरोबर.
रेघ मात्र भिंतीखाली.

"गौण कुठलं?"
"भिंत."
"का?"
"तुम्हीच म्हणालात, अवलंबून असतं ते गौण.
भिंत अब्बांवर अवलंबून आहे.
आपाचं लग्न, विहिरीचा पंप, तेही.
अब्बा कशावर नाहीत."
मग थोडं थांबून,
"म्हणजे, बहरीनच्या शेठवर आहेत.
पण तो वाक्यात नाही."

मी नियम पुन्हा सांगितला. दुसरं काय करणार?
तिनं मान हलवली, रेघ खोडली,
व्हेनपासून नवी ओढली, पट्टी लावून.
कागदावर जुन्या रेघेचा चर राहिला,
तिरपं धरलं की दिसायचा.
मी पूर्ण गुण दिले.
कुठल्या रेघेला, ते स्वतःला विचारलं नाही.

त्या संध्याकाळी परतीच्या तरीत
भरती भरत आली होती.
पाण्यातून सोलकरांचं घर दिसे:
दोन बाजूंना गिलावा, खाडीकडचे चिरे उघडे, लाल.
मागच्या सुट्टीतले पैसे कुठल्या ओळीवर संपले
ते लांबूनही वाचता येई.

समोर किल्ला.
हसनला उगाच म्हटलं, लोक म्हणतात ना,
पूर्णविरामाएवढा, म्हणून पूर्णगड;
वाक्य इथे संपलं.
तो हसला.
"त्या टिंबाला मागून दरवाजा आहे, बाई.
दर्याच्या अंगाला."

आता पूल आहे.
इफ म्हणायच्या आत एसटी पलीकडे.
हसनची होडी माडाखाली पालथी, तळाला शिंपले.
शेवटच्या खेपेला त्यानं मला वाक्य घातलं होतं,
पूल झाला, तर तर बंद.
दोन तर, शेजारी शेजारी.
वहीत आलं असतं तर मी एकावर काट मारली असती,
कुठल्यावर, ते ठरत नाही अजून.

आणि भिंतीचं काय झालं, ठाऊक नाही.
पुलावरून ती बाजू दिसत नाही.