मधला परिच्छेद

शुक्रवारी दहाला माझा हॉल शाळा होतो.
मंगफ, ब्लॉक चार. लिफ्ट बंद असली तर जिना.
सोफा भिंतीला, सतरंजी मधोमध,
पाच मुलं, चार पुस्तकं,
तीस किलोच्या सामानात मेतकुटाला खेटून आलेली,
म्हणून पाचवीच्या धड्यांना अजून
भाजल्या डाळीचा वास.

झीशान पेडणेकर वाचतो.
बोट ओळीवर, ओळ बोटाखाली अडकलेली.
‘गा-वा-बाहेर ओ-ढा होता.’
थांबतो.
‘टीचर, काय ओढा?’
काय म्हणजे?
‘ओढा म्हणजे पुल ना? बकाल्याच्या दारावर असतं ते. इस्हब.’
आणि पुढचं वाक्य नेमकं :
ओढ्यावर पूल होता.

सतरंजीवर हसून लोळले सगळे.
मी फळ्यावर वाकडी निळी रेघ काढली, दोन दगड,
एक म्हैस, जी कुणालाच म्हैस वाटली नाही.
ओजस म्हणाला, ‘याचं पाणी कोण सोडतं?’
कुणी सोडत नाही रे, ते आपलं येतं.
‘फ्री?’
फ्री.
त्याचा विश्वास बसला नाही.

मग गोष्ट.
गोष्टीला सुरुवात हवी, मध्य हवा, शेवट हवा.
हे मी इतक्यांदा सांगितलंय
की स्वयंपाकघरातून नवराही पुटपुटतो.

एल्विरा तुस्कानोनं तीन ओळी लिहून
वही पालथी ठेवली.
‘एक मुलगी होती. तिची मैत्रीण सुट्टीत कोल्लमला गेली.
ती परत आली नाही.’

लाल पेनचं टोपण काढलं मी.
छान. पण मधे काय झालं?
‘ते मला कुणी सांगितलं नाही.’

आम्हाला माहीत असतं :
कंपनी, इकामा, एका महिन्याची नोटीस,
तळमजल्यावर टायर बसलेली पांढरी गाडी,
तिच्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटानं काढलेला हसरा चेहरा.
हे कुठल्या परिच्छेदात बसवायचं?
‘कल्पना करा’ असं मी एरवी सहज म्हणते.
त्या दिवशी टोपण लावलं.
चार ओळी कोऱ्या सोड, म्हटलं.

खुतब्याआधी वर्ग सुटला,
खाली झीशानच्या पप्पांचा हॉर्न.

पुढच्या शुक्रवारी धुळीचं वादळ.
खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल, ट्यूबलाइट सकाळीच लावलेली,
तिघंच आले.
एल्विरानं चप्पल काढायच्या आत वही पुढं केली.
चारातल्या दोन ओळी भरलेल्या :

‘मधे एक ओडा होता.
त्यावर पूल न्हवता.’

मी पेन्सिल घेतली.
‘न्हवता’ राहू दिलं.
‘ड’ला आतून एक वळण दिलं,
‘ढ’ झाला.

‘बस? एवढंच चुकलं?’
एवढंच.
उरलेल्या दोन ओळींवर तिनं तळहात ठेवला,
आणि झीशान पुन्हा वाचू लागला,
पहिल्यापासून.