फाटक जसं होतं तसं

किल्ली तिसऱ्या दगडाखाली, असं मिसेस ऑल्डरसननी कळवलं होतं.
पाचव्याखाली सापडली.
आत गारठा आपल्याआधीच मुक्कामाला आलेला.
टेबलावर सहा अंडी, एकाला पीस चिकटलेलं,
आणि वहीत तिरप्या अक्षरात सूचना:
नळाचं पाणी डोंगरातलं आहे,
चहासारखं दिसेल, घाबरू नका.

लेस्टरहून स्वेलडेलपर्यंत चार तास
आपण फक्त रस्त्याबद्दल बोललो होतो.
डावीकडे घे. हळू. मेंढी आहे.

सकाळी चढायला लागलो.
दगडी गडगे टेकडीवरून थेट ढगात शिरलेले,
ना चुना, ना माती,
नुसता दगडावर दगडाचा भार.
"कसे टिकले असतील इतकी वर्षं?" तू विचारलंस.
मी बुटाची नाडी बांधत राहिलो,
सुटली नव्हती तरी.

उतरताना फाटकावरची पाटी दिसली:
जसं असेल तसंच ठेवून जा.
उघडं तर उघडं, मिटलेलं तर मिटलेलं.
तू कडी लावलीस. मग हात तिथेच.
"आपण आलो तेव्हा कसं होतं रे हे?"

मला खरंच आठवेना.

पाठीवर निळ्या रंगाचा ठिपका असलेली एक मेंढी
रवंथ थांबवून बघत होती,
जणू निकाल तिलाच ऐकायचाय.

शेवटी तू कडी काढलीस,
फाटक अर्धं लोटून खाली दगड लावलास.

निघताना वहीत अभिप्राय लिहिला:
अंडी छान होती. पाणी चहासारखंच.
फाटकाचं काही लिहिलं नाही.