डावखुऱ्याचे दगड

तिकिटांचं पुस्तक पोत्यात, पोतं दगडाखाली.
"इथला वारा भुरटा आहे," वोल्देसेंबेत सांगतो,
म्हणजे त्याची नात ताडेलेच सांगते.
तो पाव तास बोलतो,
ती चार शब्दांत उरकते.

तिया गावाबाहेर, तारेच्या कुंपणात
छत्तीस दगड.
आमच्याकडे हा आकडा पाठीला पाठ लावून बसतो,
हे मात्र सगळे कललेले,
लांबून कुणी हाक मारल्यासारखे.
मी मोजले तर पस्तीसच भरले.
"आडवा पडलाय, तो धरला नाहीस."

तलवारी कोरलेल्या, टोकं खाली.
एकावर चार, एकावर नऊ,
एकावर नुसतं झाड, की फणी, की बरगड्या.
ते अजून कुणालाच लागलेलं नाही.

म्हातारा म्हणतो, एक डावखुरा होता,
घोड्यावरून आला, डोंगर फोडत आला,
हे त्याच्या तंबूचे खुंट.
बुडाशी भोक आहे बघ, घाल बोट,
तिथे दोर असायचा.
जितक्या तलवारी तितकी माणसं पाडलेली.

त्याची बायको शेणाच्या हातांनी
कुंपणापलीकडूनच ओरडते, काहीतरीच!
खुंटावर कुणी नक्षी काढत बसतं का?
लग्नाआधी गेलेली पोरं आहेत ही.

एकदा राजधानीतून माणसं आली, ब्रश घेऊन.
म्हाताऱ्यानेच माती उपसली.
खाली हाडं होती, तरण्याताठ्यांची,
गुडघे हनुवटीशी,
अजून जन्मायची असल्यासारखी.
"मग?"
"मग झाकलं. पाऊस येणार होता."

ताडेलेचने पावती लिहायला पेन घेतलं
डाव्या हातात.
आजोबांनी दुसरीकडे पाहिलं, सवयीनं.
"शाळेत मला त्याची पोर म्हणतात,"
हे मात्र तिने सविस्तर सांगितलं.
"शेळी हरवली की माझ्याकडे बघतात.
दगड कलला तर रात्री मीच ढकलला."

मी म्हणाले, माझ्या भाषेत
बाजूला सारण्याला डावलणं म्हणतात.
लेकीला स्थळ मिळालं की ती उजवली,
कूस भरली की तीही उजवली.
मी दोन्हीकडून राहिले.
ती हसली. बहुधा मला नीट सांगता आलं नव्हतं.

भोकात बोट अजून तसंच होतं माझं.
आत गार, आणि कडा गुळगुळीत,
घासून घासून झालेल्या.
दुसरीत असताना आत्याने
माझं डावं मनगट जेवणापुरतं
पाटाला बांधलं होतं, सुतळीनं.
वरण उजव्या हातातून सांडायचं.
दोर म्हटल्यावर मला तोच आठवला,
तंबू काही दिसला नाही.

"वहीत नाव लिही."
चाळीस वर्षांनी पेन डाव्या हातात धरलं.
अक्षर कुबडं आलं, मात्रा भलतीकडे.
तिची लिपी आणि माझी, दोन्ही डावीकडून निघतात,
म्हणून तळवा मागोमाग येतो
आणि लिहिलेलं पुसत जातो.
करंगळीखाली निळा डाग पडला.
तिने तिचा दाखवला. तो जुना होता, रोजचा.

कुंपणाला कुलूप लावण्याआधी
वोल्देसेंबेत दगड मोजतो, मोठ्यानं,
शेळ्या मोजाव्यात तसे.
आडव्यापासून सुरुवात करतो.