फ्री साइज

नवी पेठेतल्या दुकानात पोरगा म्हणाला,
ताई, छातीचा पट्टा फ्री साइज येतो.
मी हसले. सव्वीस वर्षं शाळांचे गणवेश शिवते मी.
फ्री साइज म्हणजे काय, मला सांगू नकोस.
कुणाच्याच मापाचं नाही ते.

खोकं माझ्यापुढं ठेवलं, बोलला मात्र अंबादासशी.
खोक्यावर एक उघडा गडी पळत होता,
छाती फरशीसारखी सपाट,
तिच्यावर काळी पट्टी, मधोमध बिल्ला.
नाहीतर मनगटाचं घ्या, लेडीज तेच नेतात.
ते शेजारणीचं आठवडाभर वापरून झालंय, बाबा.
बांगड्यांत अडकतं.
आणि मशीनवर कॉलर बसवताना हात थरथरतो
तर बसल्याजागी एकशे चाळीस दाखवतं.
बिडवे डॉक्टरीणबाईंना खरा आकडा हवाय.
पाळी जाताना होते अशी धडधड, म्हणाल्या,
पण मोजून आणा. चालताना. रोज.

पहिल्या दिवशी वरच्या अंगाला बांधला.
कंबर तलावाची अर्धी फेरी होईस्तोवर
करदोड्यासारखा पोटावर.
दुसऱ्या दिवशी आवळला, श्वास दोन तुकड्यांत यायला लागला.
मग मार्च सरला, आणि आमच्या सोलापुरात
सकाळी सातलाच पाठीतून धार लागते.
ब्रेसियरचं इलास्टिक वर, पट्ट्याचं खाली,
दोघांच्या मधल्या बोळात घामोळं उठलं.
मंगळसूत्राची वाटी बिल्ल्यावर टिकटिक आपटायची.
एकदा तर आकडाच गेला.
नुसत्या दोन आडव्या रेघा.
बाकावर बसून मी हातानंच चाचपलं,
आत चालूच होतं,
पूर्व भागातल्या मागासारखं,
कोण बघतंय, कोण नाही, त्याचं त्याला काही नाही.

त्या रात्री दार लावून टेप घेतली.
पहिले चार इंच पुसून गेलेली टेप,
हजारो पोरींच्या खांद्यांवरून फिरलेली.
छातीखालचा घेर एकतीस.
श्वास भरून साडेबत्तीस.
दीड इंच.
नववीच्या मुलींच्या कुडत्यात एवढी ढील
मी न विचारता सोडत आले,
माझ्या स्वतःच्या नावापुढं आज पहिल्यांदा लिहिली.

पट्टा मागून कापला. महागाचा होता, अंबादासनं तोंड फिरवलं.
रुंद, मऊ इलास्टिक जोडलं,
आतून टॉवेलचा तुकडा, त्याच्याच कारखान्यातला, सेकंड माल.
पुढं मात्र कापड नाही, तिथं कातडीच लागते,
आणि ओली लागते. नळाखाली दोन बोटं भिजवायची, फिरवायची.
हूक पाठीवरून काढून बगलेखाली आणला.
ब्रेसियर एक हूक सैल,
तिची कड पट्ट्याच्या वर, पट्ट्यावर नाही.
वाटी पिन लावून खांद्याकडं.
एवढं सगळं त्या खोक्यावर कुठंच नव्हतं.
तो गडी नुसता पळत होता.

आता फेरीला एकशे बारा, चढावर एकशे वीस.
रात्री तीनला दचकून उठते तेव्हा अठ्ठ्याण्णव,
आणि आकडा दिसला की भीती जरा बसते,
नेहमी नाही.

नागमणी विड्यांचं सूप खाली ठेवून म्हणाली,
मला पण लाव की. माझं पण उडतं कधी कधी,
सांगितलं नाही कुणाला.
आतल्या खोलीत लावला, कसाबसा पुरला.
अठ्ठ्याऐंशी.
एवढंच होय? म्हणाली. मला वाटलं लई असंल.

बिल्ला निघतो, पट्टा तेवढा वेगळा शिवता येईल.
तिचा घेर घेतला, अडतीस. ढील दोन.
गणवेशांच्याच वहीत लिहायला बसले
तर नावानंतरचा रकाना इयत्तेचा.
पेन थांबलं.
चौथी लिही की, ती म्हणाली, तिथंच सुटली माझी.