तीन लाखांच्या आत

सेतूतल्या पोरानं विचारलं, वर्षाला किती?
मी म्हटलं, बेदाणा निवडायचा सीझन असतो तेव्हा दिवसाला तीनशे,
नसतो तेव्हा नसतो.
तो म्हणाला, एकच आकडा सांगा.
दोघांनी मिळून ठरवला: अठ्ठेचाळीस हजार.
दाखल्यावर गोल शिक्का बसला
आणि मला वाटलं, बरं झालं,
कुणीतरी एकदाचं मोजलं.

मग प्रतिज्ञापत्र.
माझ्या किंवा माझ्या पतीच्या नावे
भारतात कुठेही पक्के घर नाही.
माझं सांगते, नाही.
दादासो गलाईच्या कामाला सेलमला गेला, त्याला नऊ वर्षं झाली.
पहिल्या दिवाळीला साडी आली, दुसऱ्या दिवाळीला फोन,
पुढच्या दिवाळ्या आपल्या आपण येत राहिल्या.
त्याचं तिकडं घर असंल तर
मला तरी कळवा, साहेब,
पत्ता लिहून घेते.
साहेब हसले नाहीत.
टायपिस्ट हसला.

तासगाव नगरपरिषद, खिडकी क्रमांक तीन.
भोकरे साहेबांनी पासबुक उघडलं,
पट्टी ठेवून ओळ ओळ खाली उतरले,
जसं मी ताटावर बोट फिरवते:
हिरवा इकडं, पिवळा तिकडं,
काळा पडला तो बाजूला, देठ चिमटीत.
एवढ्या बारकाईनं माझ्याकडं
लग्न ठरवतानाही कुणी बघितलं नव्हतं.

दर महिन्याच्या दहा तारखेला हे चोवीस हजार कसले?

भिशी.

बाराजणी आम्ही, मला धरून. प्रत्येकीचे दोन हजार.
घरात ठेवले तर उंदीर खात नाही, दीर खातो,
म्हणून खात्यात.
दहाला येतात, अकराला जिची चिठ्ठी तिच्याकडं जातात.
एक रात्र माझ्याकडं मुक्कामाला, बस.
पाहुण्याला कुणी रेशनकार्डात चढवतं का?

त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवला.
दोन लाख अठ्ठ्याऐंशी, अधिक अठ्ठेचाळीस.
तीन लाख छत्तीस हजार.
छत्तीस हजारांनी मर्यादेच्या वर.
जन्मात पहिल्यांदा मी कशाच्या तरी वर होते.

माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला,
अकराजणींचं स्टॅम्पवर लिहून आणा, पैसे त्यांचे म्हणून.
प्रत्येकीचा आधार जोडा.
नवऱ्यांच्या सह्या असल्या तर उत्तमच.

एसटी स्टँडापर्यंत चालत आले.
छबूचे दोन हजार दळणातून निघतात,
पायलीतली मूठमूठ दुकानदाराला परत जाते.
नूरजहाँच्या घरी शिलाई मशीनचा हप्ता अजून चालू आहे,
मशीन कधीच फिटलं.
बायडाक्का मुलाला सांगते, गुडघ्याच्या गोळ्या महागल्या.
एकेकीच्या दोन हजाराला एकेक खोटं जोडलंय,
आधार नाही.
मी गरीब आहे हे खरं ठरायचं
तर अकरा घरांत दिवा लावून झडती घ्यायची.

शेडमध्ये कुणाला काही बोलले नाही.
एवढंच म्हटलं, पुढच्या महिन्यापासून रोख आणा,
बँकेत गर्दी असते.
शेवंता हातातला देठ तसाच धरून
माझ्याकडं बघत राहिली.
मग म्हणाली, पैसे माझ्याकडं ठिव रातभर,
मला दीर न्हाई.

खातं वर्षभर कोरडं ठेवायचं, मग परत अर्ज.
चिठ्ठ्यांचा डबा मात्र माझ्याकडंच आहे.
अर्जाची पावती त्यातच टाकली,
हरवायला नको म्हणून, बारीक घडी करून.

अकरा तारखेला नूरजहाँच्या नातीनं डोळे मिटून हात घातला
आणि नेमकी तीच काढली.
दुसरीत आहे पोरगी. शिक्क्यावर बोट ठेवून
एकेक अक्षर लावत गेली:
प्र. लं. बि. त.
ही कोण गं नवीन?

बायका हसता हसता आडव्या.
मी म्हटलं, हाय एक. येईल तिचाबी नंबर.
टाक आत.
डबा नीट हलव.