मिनिटभर अंधार

आशेवाडीत गाडी लावून रामशेज चढतोय.
वळणावर टेकून विमलाक्का विचारते,
तिकडे काय पाहिलंस मग? पैसे वसूल?

सांगते. स्लोव्हेनियात लेकानं गाडी भाड्यानं घेतली,
एका गुहेत तर चक्क छोटी आगगाडी.
आत गारठा. माझ्या मोज्यांवर सँडल,
सून दुसरीकडे बघत होती.
छतातून ठिबकता ठिबकता दगड वाढत होता,
बोटभर व्हायला किती शतकं ते गाइड सांगत होती
आणि मी तिकिटाचे रुपये करत होते.

मग तिनं दिवे घालवले. मिनिटभर.
सगळ्यांनी श्वास आत ओढला.
माझा हात मात्र आपसूक उजवीकडे गेला,
सातपूरच्या खोलीतल्या फळीकडे,
लोडशेडिंगची मेणबत्ती, तिला खेटून काडेपेटी.
बोटांना लागला ओला दगड.
दिवे आले, गाइड माझ्याकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी किल्ला, कड्याच्या जबड्यात बसवलेला.
वेढा पडला तरी सरदाराला
मागच्या भुयारातून ताज्या चेरी यायच्या म्हणे,
तो त्या खालच्या फौजेला फेकून मारायचा.
आपल्याकडे तोफच लाकडाची, अक्का म्हणते,
चेरी कुठल्या.

वर टाक्याशेजारच्या खोबणीत वाकून बघते.
काळंमिट्ट. फुकट.
उजवा हात अजून थोडा पुढे जातोच.

अक्का डबा उघडते. द्राक्षं, पिंपळगावची, जरा आंबटच.
एक खाते, एक नेम धरून कड्यावरून सोडते.
खाली पेठ रोडला कुठलासा ट्रक हॉर्न देतो.
उठला बघ वेढा, म्हणते.